बहात्तराव्या रकान्यापलीकडे

एप्रिलच्या मध्यावर सूतगिरणीतला जुना सर्व्हर उन्हाला टिकेनासा झाला. सकाळच्या गारव्याला चालू व्हायचा, पण छताचे पत्रे तापले की स्क्रीनवरची अक्षरं जागच्या जागी थिजायची आणि मग दिवसभर काही केलं तरी तो उठायचा नाही. मी त्याचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावून ठेवला होता. खोलीतला एसी कधीचाच गेलेला. तो दुरुस्त करा असं म्हणायची सोय नव्हती, कारण गिरणीत कापूस यायचीच मारामार चालली होती.

संगणक विभागात मी एकटी उरले होते. सोलापूर शहराबाहेरची ही गिरणी जोरात होती तेव्हा आमच्या खोलीत बसायला खुर्ची मिळायची नाही. तिन्ही पाळ्यांचे कागद यायचे. कुठल्या रिंगफ्रेमवर, म्हणजे सूत कातणाऱ्या त्या लांबलचक मशीनवर, किती सूत निघालं, कुठल्या काउंटचं, म्हणजे किती जाड किती बारीक, किती वाया गेलं, मशीन किती वेळ बंद होतं, हे सगळं आम्ही भरायचो. सकाळी पाळीचा अहवाल छापून साहेबांच्या टेबलावर जायचा.

ही सगळी सिस्टीम सरांनी लिहिली होती. सर म्हणजे विभागाचे प्रमुख. मी मोहोळहून बी.एस्सी. होऊन, एक कॉम्प्युटरचा कोर्स करून आले तेव्हा माझी मुलाखत त्यांनीच घेतली. ते शहराच्या पूर्व भागातले, तेलुगू विणकरांच्या वस्तीतले; वडील यंत्रमागावर, घरात तेलुगू. पण त्यांचं मराठी इतकं स्वच्छ होतं की मी बोलता बोलता ‘न्हाई’ म्हटलं की ते मान न उचलता ‘नाही’ म्हणायचे आणि काम पुढं चालू ठेवायचे. मला राग यायचा. मग सवय झाली, आणि माझं बोलणं बदललंही. आता मोहोळला गेले की भाऊ चिडवतो, लई शहरातली झालीस म्हणून.

सिस्टीम कोबॉलमध्ये होती. कोबॉल ही जुनी भाषा, इंग्रजी वाक्यांसारखी लिहायची. आपण लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देतो तो कंपायलर. भाषा एकच असली तरी कंपायलर प्रत्येक कंपनीचा निराळा आणि प्रत्येकाच्या खोडी निराळ्या. एकाला चालतं ते दुसऱ्याला चालत नाही. चाललं तरी त्याचा अर्थ तो तसाच लावेल याचा भरवसा नाही. सरांनी ज्या कंपायलरवर आयुष्य काढलं तो एका परदेशी कंपनीचा होता. ती कंपनी विकली गेली, घेणारीही विकली गेली. आमचं लायसन्स त्या एका मशीनला बांधलेलं. मशीन गेलं की तेही गेलं. मी फोन केले, मेल पाठवले. एका बाईंनी अगदी अदबीनं सांगितलं की असं उत्पादन आमच्याकडे नाही.

साहेबांना, म्हणजे कार्यकारी संचालकांना, मी हे सांगायला गेले.

“नवीन मशीन घेतलं तर?” त्यांनी विचारलं.

“नवीन मशीनवर जुना कंपायलर चालणार नाही, साहेब. फुकट मिळणारा एक कोबॉल कंपायलर आहे. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर आपल्याकडं आहे. तो त्याच्यावर चालवून बघते.”

“म्हणजे भाषा तीच?”

“तीच.”

“मग अवघड काय आहे?”

मी कंपायलरच्या खोडींचं सांगायला लागले. साहेब म्हणाले, “दसऱ्यापर्यंत बघू. जमलं तर जमलं. नाहीतर पुण्याचं तयार पॅकेज घेऊन टाकू. त्यांचा माणूस दोनदा येऊन गेलाय.”

मग मी पहिल्या पाळीच्या बसनं गिरणीत जायला लागले. कामगारांच्या डब्यांचा वास, खिडकीतून येणारा तेवढ्यापुरता गार वारा. वॉचमन कुलूप काढून द्यायचा आणि म्हणायचा, “मॅडम, तुमचं मशीन म्हातारं झालंय की. आता किती ओढताय त्याला?” जुन्या कंपायलरच्या फायली त्याच्या त्यालाच वाचता यायच्या, दुसऱ्या कुणाला त्या उघडून काही दिसायचं नाही. म्हणून मशीन जिवंत आहे तोवर एकेक फाईल साध्या अक्षरांत उतरवून घ्यायची, असं चाललं होतं. बऱ्याचशा निघाल्या. रिंगफ्रेम बंद पडण्याच्या नोंदींची फाईल शेवटची होती. ती अर्धी उतरली आणि स्क्रीन थिजली. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं तर पंखाही फिरला नाही.

पुढचं काम माझ्या लॅपटॉपवर, बरंचसं घरीच. सरांबरोबर काम केलं होतं तेव्हा काळी स्क्रीन आणि हिरवी अक्षरं. प्रोग्रॅम लिहायचा, कंपायलरला द्यायचा, तो काढेल त्या चुकांची यादी प्रिंटरवर कर्रकर्र छापायची, कागद टेबलावर पसरायचा आणि लाल पेन घेऊन वरून खाली यायचं. स्क्रीनवर चूक शोधू नकोस म्हणायचे सर. “स्क्रीनवर पंचवीस ओळी दिसतात. चूक सव्विसाव्या ओळीत असते.” आता लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहायचा नवा एडिटर. त्यात शब्द निळे, जांभळे, नारिंगी; चुकलं तर खाली लाल नागमोडी रेघ; आणि स्क्रीनवर वरून खाली फिकट उभ्या रेषा आखलेल्या, कोबॉलचे रकाने दाखवायला.

हे रकान्यांचं नीट सांगते, कारण पुढं सगळं त्यावरच अडलं. कोबॉल पंचकार्डांच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवर प्रोग्रॅम देण्याच्या, काळातली. कार्डावर ऐंशी रकाने. पहिले सहा ओळीच्या क्रमांकाला, सातवा खुणेला, आठव्यापासून बहात्तराव्यापर्यंत मजकूर, आणि त्यापुढचे आठ रकाने कंपायलर वाचतच नाही. सरांच्या कंपायलरनं ही शिस्त सैल केली होती. ओळ पहिल्या रकान्यापासून सुरू करा आणि जिथं संपेल तिथपर्यंत तो वाचायचा. नव्यालाही तसं सांगता येतं, पण तसं सांगितलं की त्याला सरांच्या शेऱ्यांच्या, म्हणजे माणसांसाठी लिहिलेल्या टिपांच्या, खुणा कळेनात आणि शेकडो चुका यायला लागल्या. म्हणून मी एक छोटी युक्ती केली. शेऱ्यांच्या ओळींआधी सहा, म्हणजे खूण सातव्यात पडेल, आणि बाकी सगळ्या ओळींच्या आधी सात मोकळ्या जागा घालून प्रत्येक ओळ उजवीकडं सरकवली. चुका एकदम कमी झाल्या. मला फार बरं वाटलं.

उरलेल्या चुका एकेक करून काढल्या. जुना कंपायलर स्क्रीनवर अमुक ओळीत अमुक जागी आकडा दाखव हे आपल्या पद्धतीनं लिहून घ्यायचा, नव्याला ते दुसऱ्या पद्धतीनं हवं होतं. आकड्याच्या जागी कुणी काही भरलंच नसेल तर जुना त्याला निमूटपणे शून्य समजायचा. नवा तिथंच थांबून राहायचा. पावसाळा लागेपर्यंत सगळे प्रोग्रॅम विनातक्रार कंपायल झाले. मी नवऱ्याला म्हटलं, “झालं बहुतेक.” तो एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहे. म्हणाला, “इंजिन चालू होणं आणि गाडी जाणं वेगळं असतं हं.”

तसंच झालं. जुन्या मशीनवर छापलेला अहवाल आणि त्याच दिवसाचा नवा अहवाल शेजारी ठेवले तर एकूण आकडे जुळेनात. थोडा थोडा फरक सगळीकडं होता. त्याचं कारण मला सापडलं: भागाकार करताना जुना कंपायलर मधले दशांश लवकर तोडायचा, नवा शेवटपर्यंत धरून ठेवायचा. त्यामुळे शेवटचा आकडा इकडचा तिकडं व्हायचा. पण काही दिवशी फरक इतका मोठा यायचा की दशांशांवर ढकलता यायचा नाही. रोजचे अहवालही आता लॅपटॉपवरूनच जायचे, आणि दुसऱ्या पाळीचे सुपरवायझर तो छापलेला कागद घेऊन माझ्याकडं आले. “आमची पाळी नव्या कॉम्प्युटरवर इतकी खराब कशी झाली? माणसं तीच, मशीन तीच.” मी कागद ठेवून घेतला. त्यांनी ते साहेबांनाही विचारलं असणार.

मग मी सरांकडं गेले.

सर निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती आणि आदल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. थोडीशी आलीही, पण आली ती तेलुगू. मराठी आली नाही, इंग्रजी आली नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असं होतं काहींचं. आईची भाषा खोल असते. मला तेलुगू येत नाही. इतकी वर्षं सोलापुरात राहून दुकानात ऐकू येते तेवढीच.

सरांच्या पत्नीला मी अक्का म्हणते. त्या दारातच रांगोळी घालत होत्या. पिशवीतून मी प्रोग्रॅमच्या छापलेल्या कागदांचा गठ्ठा काढला तसं त्यांना हसू आलं. “अजून तेच का हो, मॅडम? आमच्या लग्नापासनं हेच कागद बघतेय मी.”

सर खिडकीशी खुर्चीत बसले होते. मला ओळखलं. डावा हात वर केला. चेहऱ्याची एक बाजू हसली. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि जसं ऑफिसात सांगायची तसं सगळं सांगितलं. नवा कंपायलर, सात मोकळ्या जागा, दशांशांचा फरक, दुसरी पाळी. ऐकताना त्यांची नजर हलली नाही. मी बोललेलं किती पोचत होतं हे अक्कांनाही सांगता येईना. “कळतं वाटतं,” त्या म्हणाल्या. “कधी वाटतं कळतं, कधी वाटतं न्हाई.”

मी कागद त्यांच्या मांडीवरच्या पाटावर ठेवले. ते डाव्या हाताचं बोट ओळींवरून फिरवत खाली आले, वरून खाली, पूर्वी लाल पेन फिरायचं तसंच. तिसऱ्या-चौथ्या पानावर थांबले आणि कागदाच्या उजव्या कडेला बोट आपटत म्हणाले, “चुक्का.”

“चूक? कुठं, सर?”

“चुक्का. चुक्का.”

मी ती ओळ पेन्सिलीनं गोल केली. ते आणखी जोरात बोट आपटायला लागले. मी खालची ओळ गोल केली, वरची केली. त्यांच्या कपाळावर घाम आला. कागद त्यांनी हातानं ढकलून दिला. अक्का आतून आल्या, पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, “भाजी मागतायत हो. चुक्काकूर. तुमच्यात आंबट चुका म्हणतात की, तो. लई आवडायचा त्यांना.”

घरी येऊन मी गोल केलेल्या ओळी तपासल्या. शब्द न् शब्द बघितला. चूक नव्हती. जुन्या कंपायलरवर तीस वर्षं चाललेला मजकूर होता तो, त्यात चूक असणार तरी कशी. तरी मी बघत राहिले, कारण सरांनी चूक म्हटलं होतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले तेव्हा घरात चुक्याच्या भाजीचा आंबटसर वास होता. अक्कांनी मंडईतून मुद्दाम जुडी आणून डाळ घालून शिजवली होती. सरांनी एक घास खाल्ला आणि तोंड फिरवलं. कागद पुढं ठेवले. पुन्हा तेच. वरून खाली, आणि मग उजव्या कडेला बोट.

“चुक्का.”

“सर, मी सगळं बघितलं. तिथं चूक नाहीये.”

त्यांनी डोळे मिटले. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मी कागद गोळा करायला लागले.

अक्का माझ्यामागं दारापर्यंत आल्या. “तुम्ही त्यांना चूक चूक म्हणू नका हो,” त्या म्हणाल्या. “ते चूक म्हणत न्हाईत. मराठी गेलंय की त्यांचं. आमच्यात चुक्का म्हणजे थेंब. मी पाणी देऊन बघितलं, पाणी नको. भाजी नको. आता हे रांगोळीत असतात न ठिपके,” उंबऱ्यासमोरच्या रांगोळीकडं त्यांनी बोट केलं, “ह्यालाही चुक्काच म्हणतो आमी.”

मी चपला घातल्या आणि मग तिथंच पायरीवर बसले. पिशवीतून ते पान काढलं. ज्या ओळीवर सरांचं बोट आपटलं होतं ती लांब ओळ होती आणि तिच्या अगदी शेवटी, शब्दांना खेटून, पूर्णविरामाचं टिंब होतं. घरी जाऊन लॅपटॉप उघडला. ती ओळ बहात्तराव्या रकान्यात संपत होती. टिंब त्र्याहत्तराव्यात पडत होतं, फिकट उभ्या रेषेच्या पलीकडं. शब्द कापला गेला तर कंपायलर तक्रार करतो. नुसतं टिंब गेलं तर त्याला काही वाटत नाही. रेषेबाहेर काही गेल्याची सूचना मागितली असती तर त्यानं दिली असती. मी मागितली नव्हती. सात जागा सरकवताना मीच ते रेषेबाहेर ढकललं होतं.

कोबॉलमध्ये टिंबाला फार अर्थ असतो. ‘जर असं असेल तर हे कर’ हे वाक्य कुठं संपतं ते टिंब सांगतं. टिंब दिसलं नाही तर पुढचं वाक्यही त्या ‘जर’मध्येच ओढलं जातं. इथं पुढचं वाक्य होतं मागच्या फ्रेमचा उरलेला आकडा पुसून टाकण्याचं. ते रोज, प्रत्येक फ्रेमला व्हायला हवं होतं. आता ते फक्त पाळी चालू असताना काउंट बदलला तरच होत होतं. बाकी वेळी एका फ्रेमचा उरलेला आकडा दुसऱ्या फ्रेममध्ये मिसळत होता. दशांशांच्या बारीक फरकाखाली हे सगळं झाकून गेलं होतं.

अशी आणखी काही टिंबं सापडली. सगळी ओढून रेषेच्या आत घेतली. अहवाल काढला. दशांशाचा फरक सोडला तर जुन्याशी जुळला. स्वयंपाकघराच्या ओट्याशी लॅपटॉप ठेवून मी तो परत परत काढला आणि प्रत्येक वेळी जुळला.

दसऱ्याला अजून वेळ होता. मी दोन्ही अहवाल शेजारी शेजारी लावून साहेबांकडं गेले. त्यांनी चष्मा लावून नीट बघितले.

“चांगलं केलंत, मॅडम,” ते म्हणाले. “पण मागच्या आठवड्यात संचालक मंडळाची बैठक झाली. पॅकेजचं ठरलं. दुसऱ्या पाळीच्या तक्रारीवरनं फारच चर्चा झाली हो.”

“ती तक्रार आता राहिली नाही, साहेब. हे बघा ना.”

“बघितलं की. पण उद्या तुम्ही रजेवर गेलात, आजारी पडलात, तर हे कोण बघणार? तुमचे सर होते, त्यांचं काय झालं? गावात दुसरं कुणी आहे का, हे येणारं?”

कुणी नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी अहवाल घडी करून मला परत दिले.

पॅकेजवाल्यांची दोन मुलं आली, आठवडाभर राहिली. त्यांच्या स्क्रीनवर पाळी चालू असताना काउंट बदलायची सोय नव्हती. मी विचारलं तर एकजण म्हणाला, “असं कधी होतं का, मॅडम?” मी म्हटलं, सोलापुरात कापूस जसा येईल तसं होतं. त्यानं लिहून घेतलं. त्याचं पुढं काय झालं हे बघायची वेळ आलीच नाही, कारण दिवाळीच्या सुट्टीला थांबवलेल्या रिंगफ्रेम सुट्टीनंतर चालू झाल्या नाहीत. आधी म्हणाले कापूस नाही, मग म्हणाले वीज तोडलीय, मग काही म्हणालेच नाहीत. गेटवर गर्दी असायची. हळूहळू तीही संपली. एकदा मी माझं सामान आणायला गेले तर वॉचमन म्हणाला, “बंद हाय की, मॅडम. आत कुणीबी न्हाई.” मी म्हटलं, माझा डबा आणि स्वेटर आहे. त्यानं सोडलं. आमच्या खोलीत टेबलफॅनचं तोंड अजून त्या मेलेल्या सर्व्हरकडंच होतं. मी डबा घेतला. स्वेटर सापडला नाही.

मधे एकदा सरांना सांगायला गेले होते, टिंब सापडलं म्हणून. मिठाईचा पुडा नेला होता. त्यांच्यासमोर बसून मी म्हटलं, “सर, तुम्ही बरोबर होता. चुक्का. पूर्णविराम. त्र्याहत्तराव्या रकान्यात गेला होता.”

सर माझ्याकडं बघत होते. “चुक्का,” ते म्हणाले.

“हो सर. चुक्का.”

त्यांनी पंख्याकडं बघितलं आणि म्हणाले, “चुक्का.” औषधाच्या बाटलीकडं बघितलं. “चुक्का.” शेजारी पडलेल्या वर्तमानपत्राच्या उजव्या कडेला बोट आपटत तेच.

अक्का म्हणाल्या, “आता सगळ्यालाच तेच म्हणतात, मॅडम. मला पण. लेकीचा फोन आला तर तिला पण. एवढाच एक शब्द राहिलाय.”

“कधीपासून?”

“तुम्ही कागद घेऊन आलात तेव्हापासनंच असंल. मला वाटायचं काहीतरी मागतायत. म्हणून मी पाणी देत होते, भाजी करत होते.” त्या पुड्याची दोरी सोडत होत्या. गाठ सुटेना. “डॉक्टर म्हणाले असं होतं म्हणून. एखादा शब्द अडकतो.”

मी त्या दिवशी घरी कशी आले मला आठवत नाही. त्यांनी मला ते टिंब खरंच दाखवलं होतं की नाही हे मला कधी कळलं नाही. त्या पानावर उजव्या कडेला तीच ओळ सगळ्यात लांब होती. बोट फिरत फिरत तिथंच जाऊन थांबणार होतं, असंही असेल. मी किती तरी दिवस दोन्ही बाजूंनी विचार केला. विचारायचं कुणाला?

थंडी सुरू झाली आणि सर गेले. दुसरा झटका. मी पोचले तेव्हा बाहेर मंडप घालत होते आणि सगळीकडं तेलुगू चाललं होतं. गिरणीतले फक्त दोघं-तिघं आले होते. बाकीचे कामं शोधायला कुठं कुठं गेले होते. अक्का मला बघून उठल्या नाहीत. मी त्यांच्याशेजारी बसले. त्या तेलुगूत काहीतरी बोलत राहिल्या. माझ्याशी बोलतायत का स्वतःशी हे मला समजलं नाही आणि मी मान हलवत राहिले. नंतर लेक त्यांना भिवंडीला घेऊन गेली.

कुणीतरी सांगितलं की कोबॉलच्या माणसांना अजून मागणी आहे, मोठ्या बँका, विमा कंपन्या सगळ्या त्याच्यावरच चालतात. मी पुण्याच्या एका कंपनीला अर्ज केला. मुलाखत फोनवर होती. मुलगा चांगला होता, मराठीच बोलला.

“मॅडम, तुमचा अनुभव भरपूर आहे. कुठल्या एन्व्हायर्नमेंटवर काम केलंय?”

मी सांगितलं. आधी युनिक्सवरचा तो जुना कंपायलर, मग फुकटचा.

“मेनफ्रेमवर नाही?”

“नाही.”

“जेसीएल?” त्यानं विचारलं. मेनफ्रेमला, म्हणजे बँकांच्या त्या अवाढव्य संगणकांना, काम नेमून देण्याची ती वेगळीच भाषा.

“वाचलंय. लिहिलेलं नाही.”

पलीकडं की-बोर्ड वाजत होता. “आमच्याकडे सगळं मेनफ्रेमच आहे. एडिटर वेगळा, फायली वेगळ्या, कंपायलरचे ऑप्शन वेगळे. तिथं हात बसायलाच सहा महिने लागतात. आणि आम्ही साधारण फ्रेशर घेऊन शिकवतो.”

“कोबॉल तर तेच आहे ना?”

“कोबॉल तेच आहे, मॅडम.” त्यानं हे फार हळू म्हटलं. “मी कळवतो तुम्हाला.”

मग मी आणखी दोन ठिकाणी अर्ज केले. तिथून फोनही आले नाहीत. लॅपटॉपवर मेनफ्रेमसारखं काही मिळतं का म्हणून शोधलं; जे मिळालं ते इतकं जुनं होतं की चालू करायलाच आठवडा गेला, आणि चालू झाल्यावर त्यात काय करायचं ते सांगायला कुणी नव्हतं. बंद करून टाकलं.

सध्या मी सोलापुरातच, सात रस्त्याच्या चौकाजवळ, एका कर सल्लागारांच्या ऑफिसात आहे. पावत्या बघून आकडे भरायचे. बसायला खिडकीजवळची जागा आहे, खाली सिग्नलला रिक्षांचे हॉर्न वाजत असतात. बरोबरच्या मुली चांगल्या आहेत. परवा त्यातल्या एकीनं विचारलं, “ताई, तुम्ही आधी कुठं होता?”

“गिरणीत.”

“सूत कातायला?”

“नाही, ऑफिसात,” मी म्हटलं. तिला पुढचं विचारायचं होतं, पण तिचा फोन वाजला आणि ती बाहेर गेली. मी पुढची पावती घेतली.